जादा तास

चार वाजून वीस मिनिटांनी आमच्या शाळेची शेवटची घंटा होते. घंटेचा नाद विरतो न विरतो तोच वर्गावर्गांतून एकच गलबला उठतो; दप्तरे पाठीवर चढतात, चपलांचे जोड शोधले जातात, आणि पाच मिनिटांत पटांगण असे ओस पडते की, जणू येथे दिवसभर कोणी नव्हतेच. शिपाईमामा एकेक खोली बंद करीत येतात. मात्र दहावीच्या वर्गापाशी येऊन ते कुलूप हातातच ठेवतात आणि दारातून डोकावून विचारतात, "सर, आज किती वाजेपर्यंत?"

हा प्रश्न ते गेली तीन-चार वर्षे विचारीत आले आणि आम्ही तितक्याच सहजतेने "होईल सात" असे उत्तर देत आलो. तो प्रश्न शिपाईमामांचा होता; खरे म्हणजे तो आम्हीच स्वतःला विचारावयास हवा होता, हे कळण्यास मात्र आम्हांस फार वेळ लागला. वार्षिकासाठी 'परीक्षेस उपयोगी पडेल असे काहीतरी' लिहून द्या, असा आमच्या विद्यार्थी-संपादकांचा आग्रह आहे. परीक्षेस उपयोगी पडेल की नाही ते सांगता येत नाही. परंतु जादा तासांची ही हकिगत सांगावी असे मनात आहे.

'जादा तास' या शब्दाला आमच्या विद्यार्थ्यांनी 'जादा त्रास' असे पाठांतर देऊन ठेवले आहे, हे आम्हांस ठाऊक नाही असे त्यांनी समजू नये. तो विनोद आम्ही फळ्याकडे तोंड करून अनेकदा ऐकला आहे, आणि फळ्याकडेच तोंड करून हसलोही आहोत.

या तासांचा आरंभ २०२२ सालच्या जून महिन्यात झाला. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, त्या पुढे दोन वर्षे कधी उघडल्या, कधी मिटल्या. खानापूर तालुक्याच्या आमच्या या जंगलपट्टीत मोबाईलवर शाळा भरविणे म्हणजे टेकडीच्या माथ्यावर जाऊन आकाशाकडे हात करून उभे राहणे होय. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना आवाज मिळेना, आणि ज्यांना आवाज मिळे त्यांच्या घरचा फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असे. ती मुले दहावीत येऊन बसली तेव्हा त्यांची उंची दहावीची होती, पण अक्षर सातवीचे होते. निबंधाचा एक परिच्छेद लिहिण्यास सांगितले तर अर्धा वर्ग एकमेकांच्या वहीकडे पाही. पुढे सहा विषय आणि सहाशे पंचवीस गुणांची परीक्षा उभी! तेव्हा शाळा सुटल्यावर दोन तास बसावयाचे असे आम्ही ठरविले. त्यासाठी कोणाकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही, हेही ठरविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे, हे खरे. परंतु तसा कायदा नसता तरीही, जे सकाळी दहा वाजता शिकविणे आमचे कर्तव्य होते, तेच संध्याकाळी पाच वाजता विकावयास काढणे आम्हांस प्रशस्त वाटले नसते.

जादा तासावर आमची एवढी श्रद्धा का, त्याचे मूळ आमच्या लहानपणात आहे. आमचा जन्म गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला. घरची भाषा कोंकणी आणि प्राथमिक शाळा मराठी. चौथीत असताना 'माझी बहीण' या विषयावर निबंध लिहावयाचा होता. आम्ही लिहिले, "आमची धाकटी बहीण अंगणात पडली. ते रडले. मग ते आईकडे गेले." गुरुजींनी तो निबंध वाचताच सारा वर्ग हसू लागला. बहिणीचे 'ते' कसे झाले, हे त्या वर्गात कोणालाच समजेना. आणि त्यात हसण्यासारखे काय आहे, हे आम्हांला समजेना! कारण आमच्या कोंकणीत लहान मुलीला 'तें' असेच म्हणतात. 'तें आयलें, तें गेलें' असे बोलत आम्ही वाढलो. आमच्या घरात त्याहून लाडका शब्द नव्हता.

गुरुजी वर्गात काहीच बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र त्यांनी आम्हांला थांबवून घेतले. पाटीच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे घरची वाक्ये लिहिली, उजवीकडे शाळेची. आणि म्हणाले, "हे बघ, डावीकडचे चुकलेले नाही. ते तिकडचे आहे. इकडे येताना तेवढे कपडे बदलायचे." त्या उभ्या रेघेने आमचे आयुष्य घडविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून झाले, तरी कला शाखेची पदवी आम्ही मराठी घेऊनच मिळविली, बी.एड.साठी चोर्ला घाट चढून बेळगावास आलो, आणि येथलेच झालो. वर्गात चूक केली तर हसू होते. वर्ग सुटल्यावर तीच चूक केली तर तिचे व्याकरण होते, हा धडा आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.

आमच्या जादा तासात ती उभी रेघ रोज फळ्यावर पडे. आमच्या विद्यार्थ्यांना मराठीबरोबर कन्नड, इंग्रजी यांचाही सामना करावा लागतो. कन्नडला घाबरणाऱ्या मुलांना आम्ही विचारीत असू, "मराठीत नदी कोण? डोंगर कोण? झाड कोण?" मुले म्हणत, "ती नदी, तो डोंगर, ते झाड." मग सांगावयाचे, "कन्नडने तुमचे केवढे ओझे हलके केले आहे पाहा! तेथे पुरुष, स्त्री आणि बाकीचे सारे, एवढाच हिशेब. नदी, डोंगर, झाड तिन्ही एकाच पंक्तीला. बरे, क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी. मग भ्यायचे कशाला?" अशा वेळी एखाद्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो डोक्यावरच्या ट्यूबलाईटचा नसे. त्या उजेडाच्या लोभाने आम्ही पाचाचे सहा आणि सहाचे सात केव्हा वाजविले, ते आमचे आम्हांसच कळले नाही.

आमच्या मातुःश्री आमच्याजवळ असतात. रात्री पाने वाढताना त्यांनी एकदा विचारले, "तीं भुरगीं कितें तरी खावन येतात मरे?" मुले काही खाऊन येतात ना, एवढाच प्रश्न. आम्ही हात धूत धूत म्हणालो, "दुपारी शाळेत जेवण असते त्यांना." दुपारचे जेवण दोन वाजताचे, हे त्यांनी मनात मोजले असावे. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आमच्याही मनात तो प्रश्न राहिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. २०२४-२५ च्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव येथे लिहीत नाही. ते तिला आवडणार नाही. ती दाराजवळच्या बाकावर बसे. अक्षर नीटस, उत्तर विचारले तर हळू आवाजात पण नेमके देणारी. दिवाळीनंतर तिचे एक चमत्कारिक वागणे आमच्या लक्षात आले. सहा वाजले की तिचे फळ्यावरचे लक्ष उडे. ती दाराबाहेर पाही, वही मिटी, उघडी, पुन्हा मिटी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा, आम्ही फळ्याकडे वळलो की, दाराजवळचा बाक रिकामा होई.

आम्ही तिला दोनदा सौम्यपणे विचारले. ती मान खाली घालून उभी राहिली. आम्ही वर्षाच्या आरंभीच वर्गाला बजावून ठेवले होते की, "जादा तासाला सबब चालणार नाही." तिने आमचा तो शब्द पाळला, इतकेच. तिसऱ्या खेपेस आमचा तोल गेला. साऱ्या वर्गासमोर आम्ही म्हणालो, "ज्यांना घराची एवढी ओढ आहे त्यांनी दहावीची आशा धरू नये."

दुसऱ्या दिवशी ती सात वाजेपर्यंत बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. आमचे बोलणे लागू पडले म्हणून आम्हांस मनातून समाधान वाटले, हे लिहिताना आज लाज वाटते. त्यानंतर ती आली नाही. जादा तासालाही नाही आणि शाळेलाही नाही. असे पाच दिवस गेले.

रविवारी आम्ही आणि आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई असे दोघे तिच्या गावी गेलो. बस फाट्यावर सोडते. तेथून गाव तीन किलोमीटर. वाट काजूच्या बागेतून निघते आणि पुढे रानात शिरते. या बाजूचे रान म्हणजे चित्रातले रान नव्हे. भीमगड अभयारण्याची ही सारी शेजारपट्टी; गव्यांचे कळप रस्त्यावर उभे राहतात, अस्वलाची भीती तर बारमाही. आम्ही भर दुपारी अकरा वाजता चाललो होतो, तरी बाई दोनदा मागे वळून पाहत होत्या. आम्हीही पाहत होतो. पण त्यांच्या नकळत.

तिच्या वडिलांनी आम्हांला ओसरीवर घोंगडे घालून बसविले. आधी पाणी, मग चहा. राग नाही, तक्रार नाही. बरेच इकडचे तिकडचे झाल्यावर ते म्हणाले,

"सर, सव्वासहाच्या गाडीला आली तर ती गाडी गावात येतीय. ती चुकली की मग फाट्यापतोरच. पयल्या दिवशी तिची आई बॅटरी घेऊन सामोरी गेली, आली दोघी. दुसऱ्या दिवशी वाटंवर गवा हुबा. पोरगी झाडामागं अर्धा तास हुबी ऱ्हायली, आई पल्याड. तुमी शिकवताय ते पोरांच्या भल्यासाठीच, ते काय आमास्नी कळत न्हाई व्हय? पण मार्कं कमी पडली तर फुडल्या सालाला मिळतील. पोरगी कुठनं आणायची?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. घराच्या दाराआड तिच्या बांगड्यांचा आवाज झाला. ती ऐकत होती. २०२३ च्या जूनपासून आमच्या राज्यात मुलींना व स्त्रियांना सरकारी बसचे तिकीट पडत नाही, याचे आम्ही वर्गात किती कौतुक केले होते! आणि ते कौतुकास्पद आहेही. परंतु फुकट प्रवासासाठी आधी वेळेवर बस मिळावी लागते, आणि ती मिळण्यासाठी मास्तरांनी वेळेवर फळा पुसावा लागतो, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

परत येताना त्या काजूच्या बागेत आम्हांस एकाएकी आमचे चौथीचे गुरुजी आठवले. पाटी आठवली, उभी रेघ आठवली, आणि तिच्यामागून, कितीतरी वर्षांनी, आणखी एक गोष्ट आठवली. त्या संध्याकाळी धडा संपल्यावर गुरुजी म्हणाले होते, "चल." त्यांनी खुंटीवरची बॅटरी घेतली आणि ओहोळ ओलांडून आमच्या आवाठाच्या पहिल्या घरापर्यंत ते आमच्याबरोबर चालत आले. त्यानंतर ज्या ज्या दिवशी त्यांनी थांबवून घेतले, त्या त्या दिवशी ते असेच पोहोचवावयास आले. आम्ही व्याकरण तेवढे लक्षात ठेवले होते. बॅटरी विसरलो होतो.

सोमवारी आम्ही हजेरीपट पुढे घेऊन बसलो. वर्गात एकतीस मुले. त्यांपैकी बारा खेड्यांतून येणारी, आणि त्यांत सात मुली. जादा तासाच्या हजेरीचे कागद काढून पाहिले, तेव्हा जे दिसले ते डोळ्यांत खुपले. नियमित येणारी मुले बहुतेक शाळेजवळच राहणारी. ज्यांची घरे दूर, ज्यांना घरी विचारावयास कोणी शिकलेले नाही, त्यांचेच रकाने रिकामे. म्हणजे ज्यांच्यासाठी दिवा लावला, त्यांच्यापर्यंतच उजेड पोहोचत नव्हता. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर कष्ट करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, हे आम्ही इतिहासाच्या तासाला दरवर्षी सांगत आलो आहोत. ती शाळा रात्रीची का, तर शिकणाऱ्यांना तीच वेळ मोकळी होती म्हणून! शाळेची वेळ शिकणाऱ्याने ठरवावयाची असते, हा त्या धड्याचा अर्थ आम्ही मुलांना सांगितला. स्वतःस सांगितला नाही.

मग आम्ही मुलांनाच विचारले. प्रथम कोणी बोलेना. सबबी न सांगण्याची सवय आम्हीच लावली होती. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आम्ही सकाळी साडेआठलाच येतोय की. त्यानंतरची गाडी अकराला आहे. दहापर्यंत व्हरांड्यातच बसलेलो असतोय." आम्ही थक्क झालो. ही मुले वर्षानुवर्षे सकाळी साडेआठला येऊन कुलूपबंद दारापुढे दीड तास बसत होती. आम्ही पावणेदहाला सायकल लावताना रोज त्यांना पाहत होतो. मुले किती उत्साहाने लवकर येतात, असे एकदा मुख्याध्यापकांजवळ बोललोही होतो!

त्या आठवड्यापासून जादा तास सकाळी पावणेनऊला सुरू झाला. मुलगी परत आली. आम्ही तिची वर्गासमोर क्षमा मागितली. कारण बोललो होतो तेही वर्गासमोरच. ती संकोचून आमच्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि वर्गाने कधी नव्हे ती शांतता राखली. पालकसभेत आम्ही आमच्या मातुःश्रींचा प्रश्न मराठीत मांडला. सभेने उकडलेले चणे आणि चुरमुरे-शेंगदाणे यांची व्यवस्था केली; आळीपाळीने एकेक पालक आणून देतात. पोटात चार दाणे पडल्यावर समीकरणे सुटण्याचा वेग वाढतो, असे गणिताचे सर सांगतात. आम्ही गणितज्ञ नसल्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

येथे सारे सुरळीत झाले, असे लिहिले तर लेखाला शोभा येईल. पण ते खरे होणार नाही. सकाळची वेळ तिघांना जमेना. एक दूध घालावयास जाई, एक बेकरीत पाव मोजण्यास, आणि एकाची आई आजारी. त्या तिघांसाठी संध्याकाळचे पाऊण तास तसेच चालू ठेवले. तिघेही शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारे. त्यांतील दूधवाला विद्यार्थी पहिल्या परीक्षेत गणितात अनुत्तीर्ण झाला. २०२४ पासून आमच्या राज्यात दहावीच्या परीक्षेच्या वर्षातून तीन संधी मिळू लागल्या होत्या, हे त्याचे भाग्य. मे महिन्याच्या सुट्टीत तो सकाळी दूध घालून झाल्यावर किटलीसह आमच्या घरी येई. दुसऱ्या परीक्षेतही दोन गुणांनी राहिला. तिसऱ्यात सुटला. पेढे आणले नाहीत; अर्धा लिटर दूध आणले आणि म्हणाला, "आजचं पैशाचं नव्हं, सर." शिकवणीचा एक पैसाही न घेण्याचा आमचा नियम त्या एका दिवशी मोडला, हे कबूल केले पाहिजे.

आणि ती मुलगी? ती पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाली. किती गुण मिळाले ते सांगत नाही. ते फार नव्हते आणि थोडेही नव्हते. सध्या ती त्याच सकाळच्या बसने पुढे कॉलेजला जाते. गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर एकदा ती शाळेत आली होती. नव्या दहावीच्या मुली व्हरांड्यात बसल्या होत्या. तिने त्यांना काय विचारले असेल? अभ्यास किती झाला, असे नव्हे. "सर सहाला सोडतात ना?" असे विचारले. मुली म्हणाल्या, "आम्हाला सकाळीच असतो तास." ती हसली. आम्ही कार्यालयाच्या खिडकीतून ते ऐकले आणि नेहमीप्रमाणे फळ्याकडे तोंड करण्यास तेथे फळा नव्हता.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेस उपयोगी पडेल असे एकच सांगून हा लेख पुरा करतो. प्रश्नपत्रिकेत जसे 'कारणे द्या' असते, तसे आयुष्यातही असते. आपले कारण सांगण्यास भिऊ नका. शिक्षकाला सारे ठाऊक असते, ही समजूत आपण होऊन काढून टाका. त्याला फळ्यामागची भिंतसुद्धा नीट दिसत नाही. खरे कारण आणि सबब यांत फरक असतो, आणि तो ऐकून घेतल्याखेरीज कळत नाही. आमच्या व्यवसायबंधूंना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. फक्त एवढेच की, मुलांना थांबवून घ्यावयाचे असेल, तर आधी त्यांच्या घराची वाट एकदा चालून पाहावी. शक्य तर संध्याकाळी.

शिपाईमामा आता कुलूप हातात घेऊन वेळ विचारीत नाहीत. ते सकाळी साडेआठलाच खोली उघडून ठेवतात. आम्ही पोहोचतो तेव्हा दाराजवळचा बाक भरलेला असतो, चुरमुऱ्यांचा डबा फिरत असतो, आणि फळ्यावर कोणीतरी आमच्या आधीच एक उभी रेघ ओढून ठेवलेली असते.